मधला पत्रा

भोगावतीच्या काठच्या एका गावात जुनी तालीम आहे. पुढच्या बाजूला लाल मातीचा हौदा, कोपऱ्यात शेंदूर लावलेला मारुती आणि भिंतीवर खाशाबा जाधवांचा फोटो. खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझ जिंकलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान कोल्हापुरात शिकला, म्हणून गावाला तो आपलाच वाटतो. हौद्याच्या मागं शेड आहे, शेडमध्ये मॅट आहे, आणि मॅटवर मुली सराव करतात. हौदा आणि मॅट यांच्या मधोमध एक पत्रा ठोकलेला होता. पोरींना आडोसा हवा म्हणून तालमीच्या कमिटीनंच तो ठोकला होता.

पत्र्यातून दिसत नसे. ऐकू मात्र सगळं येई.

तालमीचे वस्ताद सत्तरीचे. मारुतीच्या तालमीत पोरी कशा, असं म्हणून गावानं त्यांना पूर्वी पुष्कळ नावं ठेवली होती. वस्तादांनी वाद घातला नाही. शेड उभी केली, मॅट आणली आणि पहाटे पाचला पोरींना जोर-बैठका मारायला उभं केलं. दोन पोरींनी सुरू झालेला सराव चौदा पोरींवर गेला. मार्च २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली, तेव्हा या तालमीच्या कट्ट्यावर पेढे वाटले गेले. पेढे वाटणाऱ्यांत डेअरीचे चेअरमन होते, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर होते. चेअरमनची बारा वर्षांची मुलगीही त्याच मॅटवर डाव शिकत होती. त्या दिवशी गावात कुणाचं कुणाशी दुमत नव्हतं.

दिल्लीत मात्र जानेवारीपासूनच वेगळं चाललं होतं. १८ जानेवारीला विनेश फोगट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया आणि त्यांचे सहकारी जंतरमंतरवर बसले. भारतीय कुस्ती महासंघाचे अध्यक्ष आणि खासदार ब्रिजभूषण शरण सिंह यांनी महिला पैलवानांचा लैंगिक छळ केला, असा त्यांचा आरोप होता. सिंह यांनी तो पहिल्यापासून नाकारला. सरकारनं देखरेख समिती नेमण्याचा शब्द दिला, पैलवान उठले, मेरी कोमच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तरी काहीच हलेना तेव्हा २३ एप्रिलला परत येऊन बसले. गुन्हा नोंदवून घ्यायलाही सात महिला पैलवानांना सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं. २८ एप्रिलला पोलिसांनी गुन्हे नोंदवले. ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्षा पी. टी. उषा यांनी रस्त्यावर बसण्याला बेशिस्त म्हटलं होतं. पुढं त्या स्वतःच जंतरमंतरवर जाऊन पैलवानांना भेटल्या.

रिओला २०१६ साली पदक आणणारी साक्षी ही भारताची पहिली महिला ऑलिंपिक पदकविजेती पैलवान. आशियाई क्रीडा स्पर्धेत २०१८ साली सुवर्ण जिंकणारी विनेश ही तशी पहिली भारतीय महिला पैलवान. अशा पोरींना फुटपाथवर झोपावं लागतंय, एवढी एक गोष्ट या मुलखातल्या कुठल्याही तालमीला अस्वस्थ करायला पुरेशी होती. गावंही अस्वस्थ झाली. पण त्या अस्वस्थपणाला शब्द फुटले, तेव्हा ते फार वाईट फुटले.

२८ मेला नव्या संसद भवनाचं उद्घाटन होतं. त्या दिवशी संसदेकडे निघालेल्या पैलवानांना पोलिसांनी ओढत नेऊन गाडीत घातलं. त्याच दिवशी मोबाइलवर एक फोटो फिरला. विनेश आणि संगीता फोगट पोलिसांच्या गाडीत बसून हसत आहेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चेअरमननी तो फोटो कट्ट्यावर सगळ्यांपुढं धरला.

"बघा. सहलीला निघाल्यात. नाटक हाय हे सगळं."

कॉलेजला जाणाऱ्या एका पोरानं आपल्या मोबाइलवर मूळ फोटो काढून दाखवला. मूळ फोटोत कुणीच हसत नव्हतं, ते हसू नंतर चिकटवलेलं होतं. चेअरमननी दोन्ही फोटो बघितले आणि म्हणाले, "आसंल. पण इतकी वर्सं काय झोपल्या हुत्या? पदकं मिळोस्तवर गप, मिळाल्यावर तोंड फुटलं. आन् पैलवान बाई म्हंजे काय अबला हाय व्हय? हाणायची हुती एक धोबीपछाड."

खोटा फोटो खोटा ठरला, तरी त्याच्या आधारानं काढलेलं मत जागचं हललं नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. चेअरमनना फोटोची गरज नव्हतीच.

कुणीतरी म्हणालं, आईबापांचंच चुकलं, पोरींना शिबिराला परगावी धाडायचंच कशाला. दुसरा म्हणाला, अशा पोरींशी लग्न कोण करणार. मास्तर इतका वेळ ऐकत होते. ते शाहू महाराजांचा वारसा सांगणारे, गावात मुलींची शाळा टिकावी म्हणून झटलेले गृहस्थ. त्यांना राहवलं नाही. ते उठून उभे राहिले.

"थू तुमच्या जिनगानीवर! बायल्या हाईसा सगळे. बांगड्या भरा हातात, लुगडी नेसा. त्या पोरी लढत्यात आन् तुम्ही हितं बसून थट्टा करताय!"

चेअरमन चिडले. मास्तरांची मुलगी पुण्यात नोकरी करते, एकटी राहते. ती तिथं काय दिवे लावते ते आधी बघा, असं काहीतरी ते बोलले. त्यांचे खरे शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत. मास्तर थरथरले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या पोरीवर ही पाळी याला पायजे. मग कळंल तुला."

वस्ताद कट्ट्याच्या कडेला बसले होते. ते काही बोलले नाहीत. तालमीत राजकारण नको, हा त्यांचा जुना नेम होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मॅटवर पाचच पोरी आल्या. चेअरमनची मुलगी आली नाही. आणि धाकटीही आली नाही.

धाकटी म्हणजे ट्रक चालवणाऱ्या एका माणसाची दुसरी लेक, सतरा वर्षांची, तालमीतली सगळ्यात तयार पोरगी. तिची मोठी बहीणही याच मॅटवर घडली होती. गाव दोघींना थोरली आणि धाकटी एवढंच म्हणे. एकोणीस वर्षांची असताना थोरली परजिल्ह्यातल्या एका शिबिराला गेली आणि महिनाभरात कुस्ती सोडून घरी बसली. लग्नाचं बघतायत, असं आईनं सांगितलं होतं. लग्न झालं नाही. पुढं कुणी विचारलंही नाही.

तीन दिवस वाट बघून वस्ताद धाकटीच्या घरी गेले. ती गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होती.

"काय गं, दुखलंय काय?"

"न्हाई, वस्ताद."

"मग? घरात कोण नको म्हटलं?"

"न्हाई."

वस्ताद गोठ्यातल्या दगडावर टेकले. बराच वेळ ती वैरण टाकत राहिली. त्या आठवड्यात पैलवान आपली पदकं गंगेत सोडायला हरिद्वारला गेले होते आणि शेतकरी नेत्यांनी समजूत घालून त्यांना परत फिरवलं होतं. धाकटीनं ते बघितलं होतं. ती त्यावरच आधी बोलली. "पदक पाण्यात सोडाय किती जीव जळाला आसंल," म्हणाली. मग हातातली पेंढी खाली ठेवून वस्तादांकडं वळली.

"चेअरमन बोलले ते आमाला नवं न्हाई. बाजारात, एस.टी.त, सगळीकडं ऐकतोय की आम्ही. पर मास्तर आमच्या बाजूनं बोलत हुते न्हवं? आन् त्यांनी बायकांचंच नाव घिऊन शिव्या घातल्या. चेअरमनच्या पोरीवर तसं व्हावं म्हटले. ती माझ्या शेजारीच बसली हुती, पत्र्याला टेकून. मला इचारली, मास्तर आसं का म्हणाले? काय सांगू मी तिला?"

वस्तादांना उत्तर सुचलं नाही.

"आन् तुम्ही बी बसला हुता, वस्ताद."

ही तक्रार नव्हती, ती नुसतं सांगत होती. वस्तादांनी मान खाली घातली.

"आता मला सांगा," धाकटी म्हणाली, "उद्या आमच्यापैकी कुणाला कायबी झालं, तर सांगायचं कुणाला? एक म्हणणार, इतके दिस का गप बसलीस. दुसरा त्येच घिऊन कुणाच्या तरी लेकीला शिव्या घालणार. त्यापरास गप बसल्यालं बरं. थोरली काय येडी हाय व्हय?"

दारात थोरली उभी होती. वस्तादांनी तिच्याकडं बघितलं. ती आत निघून गेली.

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. दिल्लीतल्या वादात कोण खरं, कोण खोटं, हे ठरवायला त्या पोरी बसल्या नव्हत्या. त्या आपल्याच माणसांना पारखत होत्या. परक्या मुलीच्या तक्रारीवर आपला वस्ताद, आपले मास्तर, आपला बाप काय बोलतो, यावरून मुलगी आपला हिशेब करते. तो हिशेब एकदा झाला, की नंतर "आम्हाला आधी का नाही सांगितलंस" असं विचारण्यात काही अर्थ उरत नाही. तिनं सांगून बघायच्या आधीच उत्तर ऐकलेलं असतं.

आणि कुस्तीत तर सांगणं आधीच अवघड. निवड करणारा, शिबिराच्या यादीत नाव घालणारा, स्पर्धेला पाठवणारा, आणि तक्रार ऐकून घेणारा, पुष्कळदा ही सगळी एकाच गोतावळ्यातली माणसं असतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. त्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती असावी लागते, आणि अशी रीतसर नेमलेली समिती कुस्ती महासंघात नव्हती, ही त्रुटी देखरेख समितीनंच दाखवली होती. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या पैलवान बायकांनाही दार कुठलं ठोठावायचं हे ठाऊक नव्हतं. मग भोगावतीकाठच्या एकोणीस वर्षांच्या पोरीनं कुणाकडं जावं?

धाकटीच्या गोठ्यातून वस्ताद घरी गेले नाहीत. तालमीत आले, पान्हा आणि हातोडी घेतली, आणि मधला पत्रा काढायला लागले. पावसाच्या तोंडावर हे काय काढलं, असं लोकांनी विचारलं. वस्ताद बोलले नाहीत. नट गंजले होते, दोन तोडावे लागले. अंधार पडेपर्यंत पत्रा खाली आला. कट्ट्यावरून आता मॅट सरळ दिसत होती आणि मॅटवरून कट्टा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माणसं जमली, तेव्हा वस्तादांनी चेअरमन आणि मास्तर दोघांना बोलावून पुढं बसवलं. गावातल्या बायका आणि पोरी मॅटवर बसल्या होत्या. वस्ताद घरोघर जाऊन त्यांना बोलावून आले होते.

"वाद घालायचा तर घाला," वस्ताद म्हणाले. "आरोप खरा का खोटा, ते कोर्ट ठरवंल. चेअरमन, तुम्हाला शंका हाय, बोला. मास्तर, तुम्हाला चीड हाय, बोला. पर परवा जे बोलला, ते ह्या पोरींकडं तोंड करून परत बोला. एक शबुद कमी न्हाई करायचा."

चेअरमननी मॅटकडं बघितलं. त्यांची मुलगी आईला खेटून बसली होती. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

मास्तर उठले. वयानं आणि मानानं मोठा माणूस, पण मॅटच्या कडेला जाऊन त्या बारा वर्षांच्या मुलीसमोर गुडघ्यावर बसला. "बाळ, मी वाईट बोललो. तुझ्या बाबांशी भांडताना तुला मधी ओढलं. माझं चुकलं." मुलीनं मान हलवली. तिला पुरतं कळलं की नाही, सांगता येत नाही. पण तिच्या आईला कळलं. "मास्तर," ती म्हणाली, "बांगड्या आम्ही रोज भरतो. त्याच हातानं पहाटं चार म्हशींची धार काढतो. त्यात कमीपणा कसला, ते आमाला सांगा." मास्तरांकडं त्याला उत्तर नव्हतं.

चेअरमन मात्र माफी मागायला तयार नव्हते. ते म्हणाले, "वस्ताद, माझं मत बदलल्यालं न्हाई. रस्त्यावर बसून न्याय मिळत न्हाई, पोलिसात जावं, पुरावा द्यावा." वस्ताद म्हणाले, "आसं बोलाय कुणाची ना न्हाई. हे त्या पोरींच्या तोंडावर बोलता येतंय न्हवं? मग हे मत झालं. परवाचं मत नव्हतं." चेअरमन उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी मुलीला त्यांनीच मोटारसायकलवरून तालमीत आणून सोडलं. काही बोलले नाहीत.

"इतकी वर्षं का गप्प होतीस" हा प्रश्न तपास करणाऱ्या अधिकाऱ्यानं विचारला, तर तो त्याचं काम करतो. उत्तर ऐकून घेणं आणि लिहून घेणं त्याला भाग असतं. तोच प्रश्न कट्ट्यावरून फेकला जातो, तेव्हा तो दगड असतो, कारण फेकणारा उत्तरासाठी थांबत नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याचीही बाजू ऐकली गेली पाहिजे, यात मला शंका नाही. या प्रकरणातही न्यायालयानं दोन्हीकडचं ऐकूनच पावलं टाकली. १५ जून २०२३ ला पोलिसांनी आरोपपत्र दिलं. तक्रार करणाऱ्यांत एक अल्पवयीन मुलगी होती, तिच्या तक्रारीचं प्रकरण २०२५ मध्ये बंद झालं, आणि इतर महिला पैलवानांच्या तक्रारींवर त्याआधी, २०२४ मध्ये, आरोप निश्चित झाले. हे सगळं शिव्यांविना झालं. एखाद्या बाईवर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायला शिव्यांची गरज कधीच नसते.

त्या पावसाळ्यात तालमीत वाद थांबले नाहीत. उलट वाढले, कारण आता बायकाही बोलू लागल्या. सुरुवातीला एकदोघांची जीभ घसरे, आणि मॅटवरून एखादी पोरगी नुसती वळून बघे. तेवढं पुरे होई. काही माणसांनी कट्ट्यावर येणंच सोडलं, पोरींसमोर मोकळं बोलता येत नाही म्हणून. वस्तादांनी त्यांना परत बोलावलं नाही. धाकटी पुन्हा येऊ लागली. थोरली मात्र येत नसे. कधीतरी धाकटीचा डबा द्यायला आली, तर शेडच्या खांबाशी उभी राही, ऐके आणि जाई.

डिसेंबरमध्ये महासंघाची निवडणूक झाली. २१ डिसेंबरला ब्रिजभूषण यांचे निकटवर्ती संजय सिंह अध्यक्ष म्हणून निवडून आले, आणि त्याच दिवशी साक्षी मलिकनं पत्रकारांसमोर कुस्तीचे बूट टेबलावर काढून ठेवले, रडत रडत कुस्ती सोडत असल्याचं सांगितलं. त्या संध्याकाळी कट्टा भरला होता. मास्तर म्हणाले, ही सगळ्या पैलवानांची हार आहे. चेअरमन म्हणाले, निवडणूक मतदानानं झाली, निकाल मानावा लागेल. मग थोडं थांबून म्हणाले, "पर ती पोरगी रडत हुती ते खोटं न्हवतं. मी बघितलंय, माझी पोरगी हरल्यावर कशी रडती ते. ही हरल्याली न्हवती. हिला हरवल्यालं हुतं." मास्तरांनी त्यांचं म्हणणं पुरतं होऊ दिलं. मग निवडणुकीवरून दोघांचं परत जुंपलं, तासभर. एकदाही कुणाच्या घरातल्या बाईचं नाव निघालं नाही.

थोरली खांबाशी उभी होती. त्या दिवशी ती सगळं संपेपर्यंत थांबली.

माणसं पांगल्यावर ती वस्तादांजवळ आली आणि उभ्याउभ्याच सांगितलं. शिबिरातला माणूस कोण, तो मालिशच्या निमित्तानं कसा वागला, खोलीवर ये नाहीतर यादीतून नाव जाईल असं काय म्हणाला, आणि ती रात्रीच्या एस.टी.नं एकटी कशी परत आली. "त्या साली बी कट्ट्यावर एका पोरीविषयी बोलणं चाललं हुतं, वस्ताद," ती म्हणाली. "मी पत्र्यामागं हुतो. म्हणून मग कुणाला सांगितलं न्हाई."

वस्तादांनी एकच विचारलं, "आता काय करायचं, तूच सांग."

"लिहून द्याचं," थोरली म्हणाली.

अर्ज तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिला. मास्तरांनी फक्त शुद्धलेखन बघितलं. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात तिच्याबरोबर आई, वस्ताद आणि चेअरमनची बायको गेली. तिथल्या हवालदारानं विचारलं, इतके दिवस काय करत होता. वस्ताद म्हणाले, "आम्ही ऐकाय शिकत हुतो, साहेब. आता तुम्ही लिहून घ्या."

त्या माणसाला त्यानंतर शिबिराचं काम मिळालेलं नाही. चौकशी अजून संपलेली नाही. धाकटी जिल्ह्याच्या संघात निवडली गेली, आणि तालमीत आता बावीस पोरी येतात. थोरली पुन्हा कुस्ती खेळली नाही.